परवान्यावरचं नाव

बेकर्स फोर्क, ओक्लाहोमा
११ मार्च २०२२

प्रिय कर्टिस,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तू फोर्ट स्मिथला तुझ्या मित्राकडे, वेडकडे आहेस हे आईने मला सांगितलेलं नाही, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. परवा वेडच्या बायकोने इकडे फोन केला आणि तिच्यामागे कुणीतरी शिंकलं. सलग पाच वेळा. आपल्या सबंध गोतावळ्यात पाच शिंका देणारा तू एकटाच.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीतल्यापेक्षा बरा आहे. तीन दिवस वारा सुटलाय; खुराड्याचा पत्रा उडाला तो थेट शेजारच्या मिल्टनच्या कुंपणात जाऊन बसला. कोंबड्या शाबूत आहेत. आई रोज दुपारी घेवडा शिजवते आणि तुझ्या वाटणीचा वाडगा काढून ठेवते, मग संध्याकाळी तो मीच खाते.

दुकानाच्या दारावर ते बंद केल्याचा सरकारी पिवळा कागद लागला त्याला आज एकवीस दिवस झाले. लोक गाडी हळू करून तो वाचतात, आणि मग मला बघून हात हलवायचा की नाही याचा विचार करत पुढे निघून जातात. डोव्ही कॅटलेटचा काल फोन आला. औषधावाचून तिचे हात आता इतके थरथरतात की फोन दोनदा पडला. विचारत होती, "ग्लेंडा, दुसरं दुकान सत्तर मैलांवर आहे गं. मला कोण नेणार?" मी म्हटलं, चर्चमध्ये विचारून बघते.

हे दुकान मी का काढलं ते तुला नव्याने सांगायला नको. रिफायनरीतल्या अपघातानंतर हार्लनची पाठ गेली आणि दुखण्यावरच्या त्या गोळ्यांनी माझ्या नवऱ्याचा पार भुगा केला. राज्याने मतदान घेऊन औषधी गांजाला मान्यता दिली, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, रुग्णाचं सरकारी कार्ड आलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो माणूस अंथरुणात सरळ झोपला. तो गेल्यावर मी हॉस्पिटलच्या औषधखान्यातली एकोणीस वर्षांची नोकरी सोडली आणि त्या जुन्या टायरच्या दुकानाला रंग दिला. पहिली भिंत तूच रंगवलीस. वाकडी रंगवलीस.

आणि नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळले. प्रत्येक झाडाला क्रमांक, तोच क्रमांक बरणीवर, प्रयोगशाळेचा दाखला, माल आणणाऱ्या गाडीचे कागद, पोरांना उघडता येणार नाहीत अशा पिशव्या, दारात कार्ड बघितल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. तूच म्हणायचास, "ताई, तू स्वर्गाच्या दारात देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील." ऑर्विल टीगच्या कार्डाची मुदत एका दिवसाने संपली होती तेव्हा मी त्याला परत पाठवलं. ज्या माणसाने बारा वर्षं तुझ्या-माझ्यासाठी शाळेची बस चालवली त्याला! तो म्हणाला, "अगं पोरी, तुझी वेणी घालून होईपर्यंत मी अख्खी बस थांबवून धरायचो, आणि तू मला एक दिवस देत नाहीस?" हसत हसत गेला आणि नऊ दिवसांनी नवं कार्ड घेऊन आला.

ऑर्विलबद्दल तुला कुणी काही सांगितलं का?

त्याला रक्ताचा कॅन्सर आहे हे तुला ठाऊक होतंच. औषधांनी त्याला अन्न जात नव्हतं. दुकानातून नेलेल्या गांजाची वाफ घेतली की निदान वाटीभर सूप पोटात राहायचं. जानेवारीच्या शेवटी त्याने नेहमीप्रमाणे माल नेला. बारा दिवसांनी ताप आला. नेडीनने, त्याच्या मुलीने, त्याला तुल्सा गाठून दाखल केलं. फुप्फुसांत बुरशी. धडधाकट माणसाला एरवी काही झालंही नसतं. त्याच्या अंगात लढायला काही उरलेलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, हे श्वासातून काय घेतात? नेडीनने बरणी नेऊन दाखवली. बरणीवर क्रमांक होता. क्रमांक राज्याच्या औषधी गांजाच्या खात्याकडे गेला.

१८ फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला तपासनीस आल्या. हार्जोबाई. पन्नाशीच्या, आवाज एकदम शांत. त्यांनी बरणी टेबलावर ठेवली.

"हा माल कुठून घेतलात?"

मी म्हटलं, "माझ्या भावाने आणून दिला. तो एका शेतावर कामाला आहे. आमच्या वडिलांचीच जमीन, कोलोरॅडोच्या एका माणसाने भाड्याने घेतलीये."

"शेताचा मालक कोण?"

"स्लेड म्हणून आहेत कुणी."

"बाई, मी पुन्हा विचारते. मालक कोण?"

"सांगितलं ना, स्लेड."

त्यांनी फाइल उघडली आणि माझ्याकडे फिरवली. पंचाहत्तर टक्के मालकी, ग्लेंडा रे प्रुइट. खाली सही. माझीच सही, कर्टिस. मी ती तीन वेळा वाचली. औषधखान्यात एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्यात मी, स्वतःची ओळखायला मला वेळ लागला.

मग त्यांनीच समजावलं. अशा शेताचे चारातले तीन हिस्से तरी याच राज्यात राहणाऱ्याच्या नावावर असावे लागतात. स्लेड बाहेरचा. तू आत जाऊन आलेला, तुझ्या नावावर परवाना मिळत नाही. तेव्हा उरलं कोण? कोऱ्या पाटीची एक बाई.

पुढचं मी खुर्ची ओढून बसून ऐकलं. शेतावरची एक खेप प्रयोगशाळेत बुरशीमुळे नापास झाली होती. ती नष्ट केल्याची नोंद आहे, नोंदीखाली मालकिणीची सही आहे. ती सही मात्र माझी नाही. कुणीतरी बघून बघून काढलेली आहे. खेप नष्ट झालीच नाही. दुसऱ्या, पास झालेल्या खेपेचे क्रमांक चिकटवून ती माझ्या दुकानात आली. त्या क्रमांकाखाली तीन पौंड माल पास झाला होता आणि विकला गेला नऊ पौंड.

"तर पिकवणाऱ्याही तुम्ही आणि विकणाऱ्याही तुम्हीच," हार्जोबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या ईस्टरला, आईच्या टेबलावर, जेवणं झाल्यावर तू कागद पुढे केलेस. म्हणालास, "ताई, बाबांच्या जमिनीवरच्या विहिरीच्या जोडणीचं आहे, इथे आणि इथे सही कर." मी केली. तू असं म्हणाला होतास एवढंच लिहून पाठव. माझ्या वकिलाला ते हवंय. दुसरं काही मी मागत नाही.

तुझी ताई,
ग्लेंडा

ता. क. ऑर्विल अजून अतिदक्षता विभागात आहे. नेडीन तुझा नंबर मागतेय. देऊ का?


बेकर्स फोर्क
३ एप्रिल २०२२

कर्टिस,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. त्यात ऑर्विलचं नाव कुठेच नाही, ते मी दोनदा शोधलं.

तू लिहितोस की मी सांगावं, शेत माझंच होतं, सगळं मला ठाऊक होतं, तू फक्त पगारावर गाडी चालवायचास. तुझा हिशेब चुकीचा नाही. मी वकिलाला विचारलं. माझ्यावर याआधी काही नाही, त्यामुळे मला परवाना घालवून, फार तर काही महिने सरकारी अधिकाऱ्याकडे हजेरी लावायला सांगून सोडतील. तुला दुसऱ्यांदा पकडलं तर वर्षं मोजावी लागतील. "ताई, तुझं दुकान जाईल, माझं आयुष्य जाईल," असं तू लिहिलंयस. वाक्य चांगलं जमलंय. तू लहानपणापासून असाच बोलतोस, म्हणून तर आपल्या घरात तुझ्या वाट्याची बोलणी नेहमी मी खाल्ली.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले. आई बटाटे सोलत होती. तिला सगळं ठाऊक होतं हे तिच्या मानेवरूनच कळलं; तिने वर बघितलंच नाही.

"त्याचं आलं ना पत्र?" ती म्हणाली. "मग? काय ठरवलंस?"

"काय ठरवायचं असतं यात, आई?"

"धाकटा भाऊ आहे तुझा."

"मला माहीत आहे. तो झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते, त्याचे लंगोट मी धुतलेत."

"तुझं काय अडलंय गं आता? नवरा गेला, पोरंबाळं नाहीत. दुकान नाही तर नाही. त्याला दोन मुली आहेत."

असं बोलून ती पुढचा बटाटा सोलायला लागली. मी नळ सोडून सोललेले बटाटे धुवायला घेतले. मग मला एकदम सुचलं आणि मी विचारलं, "आई, ईस्टरला ते कागद कसले होते ते तुला ठाऊक होतं?"

तिची सुरी थांबली नाही. "तुला सांगितलं असतं तर तू नियम काढून बसली असतीस," ती म्हणाली. "पोराला कधी नव्हे ते काम मिळालं होतं. मीच त्याला म्हटलं, आधी सही होऊ दे, ताईला मागाहून सांगू."

मागाहून. वर्ष झालं, कर्टिस. त्या वर्षात मी दर रविवारी त्याच टेबलावर जेवले. तू मला डुकराच्या मांसाचा तुकडा वाढायचास, आई म्हणायची ग्लेंडाला कडेचा कुरकुरीत दे, तिला आवडतो. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत असाल का तेव्हा? मी आठवायला लागले की मला काही दिसत नाही. मी ताटात बघून जेवणारी बाई.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापताना दुखत नाही.

तू कुणाला फसवलंस तर मला राग येतो, पण नवल वाटत नाही. बाबांचा ट्रक विकलास तेव्हाही नाही वाटलं. आईचं मात्र मला सोसवत नाही. आणि तिला सोडून मी कुठे जाणार? तिला एकटीने जिना उतरता येत नाही.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात मी ती लिहिली नाही, आणि वकिलालाही मागच्या आठवड्यापर्यंत सांगितली नव्हती.

ईस्टरच्या त्या कागदांपैकी पहिल्या पानाचा मथळा मी वाचला होता. चष्मा डोक्यावर होता, पण मथळा मोठ्या अक्षरांत होता. त्यात विहीर नव्हती. 'परवान्यासाठी अर्ज' असं होतं. मी वर बघितलं, तू माझ्याकडे बघत होतास, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तुरुंगातून आल्यापासून तुला असा ताठ बसलेला मी बघितला नव्हता. मला वाटलं, विचारलं तर हा पुन्हा वाकेल. म्हणून नाही विचारलं. सही केली, आणि आईला म्हटलं, आता गोड वाढ.

आणि दुसरी. जानेवारीत तू मागच्या दाराने माल घेऊन आलास तेव्हा तुझ्याजवळ गाडीचे कागद नव्हते. म्हणालास, "ऑफिसात राहिले गं, उद्या आणतो. तू काय मलाही परत पाठवणार आहेस?" त्याच आठवड्यात मी एका माणसाला दीडशे मैल परत पाठवलं होतं, त्याच्या एका बरणीवर एक आकडा पुसट होता म्हणून. तुला मी नाही पाठवलं. नोंदवहीत 'कागद पाहिले' असं लिहिलं आणि खाली आद्याक्षरं टाकली. पिशव्या उघडून नाकाशीसुद्धा धरल्या नाहीत. बुरशीला वास असतो, ओल्या गोणपाटासारखा. एकोणीस वर्षं औषधांत काढलेल्या बाईला तो आला असता.

तू कागद दुसऱ्या दिवशीही आणले नाहीस आणि मी मागितलेही नाहीत.

वकील म्हणतो, हे कुठे बोलू नका. भावाने फसवलेली विधवा एवढंच राहा, तेवढ्यात सुटाल. माणूस भला आहे. पण मंगळवारी सुनावणी आहे, आणि मी हार्जोबाईंना हे सगळं सांगणार आहे. मथळा, मागचं दार, नोंदवही. आणि तू काय केलंस तेही, तू कुठे आहेस तेही. तुझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, तसं स्वतःसाठीही अर्धं खरं बोलायचं नाही, एवढंच मला जमण्यासारखं आहे.

पळायचं असेल तर तुझ्याकडे हे पत्र पोहोचल्यापासून फार तर एक दिवस आहे. पळू नकोस. हे मी ताई म्हणून शेवटचं सांगतेय.

ग्लेंडा


बेकर्स फोर्क
२४ जून २०२२

कर्टिस,

तू पळाला नाहीस हे मला हार्जोबाईंकडून कळलं. स्वतःहून गेलास असं त्या म्हणाल्या. ते मी आईला दोनदा सांगितलं.

आता जामिनावर सुटून तू वेडच्या धाकट्या भावाकडे, शेजारच्या जिल्ह्यात राहतोस, म्हणून हे पत्र तिकडे. वेडला मध्ये घालायला नको.

माझा निकाल लागला. दुकानाचा परवाना कायमचा गेला. औषधखान्याचं माझं प्रमाणपत्रही गेलं. खोटी नोंद करणाऱ्या बाईला ते ठेवता येत नाही, आणि तो नियम मला मान्य आहे. खटला माझ्यावर नाही. तुझ्या आणि स्लेडच्या खटल्यात मला साक्षीला बोलावतील तेव्हा मी येईन. बरण्या, बिया, उरलेला सगळा माल खात्याच्या माणसांनी माझ्यासमोर दळून मातीत कालवला आणि ट्रकमध्ये भरला. दोन तास लागले. त्यांनी एकेक क्रमांक वाचून खूण केली. मी कागद धरून उभी होते, मला कुणी सांगितलं नव्हतं तरी. जाताना हार्जोबाई म्हणाल्या, "तुमच्याइतक्या नीट ठेवलेल्या वह्या मी या जिल्ह्यात पाहिल्या नाहीत. म्हणून त्या एका पानाचं फार वाईट वाटतं." मी मान हलवली.

सध्या मी शाळेच्या भोजनगृहात सकाळी काम करते. डोव्हीला महिन्यातून दोनदा सत्तर मैलांवरच्या दुकानात मी नेते. आत जात नाही, गाडीतच बसते.

ऑर्विल जिवंत आहे. उजव्या फुप्फुसाचा तुकडा कापावा लागला. घरी आणलंय, नाकाला नळी आहे. कॅन्सरची औषधं सध्या थांबवलीत, अंगात ताकद नाही म्हणून, आणि तेच डॉक्टरांना खरं काळजीचं वाटतंय. मी गेल्या गुरुवारी गेले होते. नेडीनने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आतून तो म्हणाला, "येऊ दे तिला."

ओसरीवर बसलो. त्याने नाकाची नळी सारखी करून घेतली. मी माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून नेलं होतं, ते बाजूलाच राहिलं.

मग त्यानेच विचारलं, "ती पिशवी तू उघडून बघितली होतीस का गं, पोरी?"

"नाही."

"का?"

"कर्टिसने आणली होती."

त्याने मान डोलावली. "हं," म्हणाला. "मीही नाही बघितली. तू दिली होतीस."

तो रागाने बोलला नाही. त्यामुळे मला बसवेना. मी उठले, तेव्हा तो म्हणाला, "आता काही दिवस येऊ नकोस. नेडीनला त्रास होतो. मलाही होतो." मी बरं म्हटलं आणि आले.

हे तुला लिहायचं की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. सूड म्हणून लिहीत नाही. मी त्याला जे केलं ते तू मला केलेल्याचंच पुढचं टोक आहे, आणि त्या टोकाशी कोण बसलंय ते तुला कळायला हवं. तुला शिक्षा सहा वर्षांची होवो की दहा, ते कोर्ट बघेल.

आईला मी काही बोलले नाही. बोलून काय होणार? ती ऐंशीची आहे. तिची औषधं मी काढून देते, गुडघ्याला तेल लावते, रविवारी चर्चला नेते. कधी कधी ती म्हणते, "तू पूर्वीसारखी हसत नाहीस." मी म्हणते, दाढ दुखतेय. ती विश्वास ठेवते, किंवा ठेवल्यासारखं करते. आपल्या घरात हे दोन्ही सारखंच दिसतं, मला आत्ता कळलं.

तिला तू हवा आहेस. झुरतेय. रात्री ताटात वाढून घेते आणि बोलता बोलता उठून जाते. तेव्हा मी ठरवलंय ते लिहिते.

खटला सुरू होईपर्यंत दर रविवारी दुपारी एक ते चार मी घरात नसेन. कुठे असेन ते विचारू नकोस. मागचं दार उघडं असेल, जेवण चुलीवर असेल, आईला आधीच खाली आणून खुर्चीत बसवलेलं असेल. तिला उठवताना उजवीकडून धर, डावा गुडघा वळत नाही. तुझ्या मुलींना आण. तिला खोटं काही सांगू नकोस आणि माझ्यासाठी काही निरोप ठेवू नकोस. ती विसरत नाही, आणि मला तो ऐकायचा नाही. चार वाजले की जा. मी सव्वाचारला येते. तुझी गाडी दिसली तर मी पुढे निघून जाईन, आणि मग तिला खुर्चीतून वर न्यायला कुणी नसेल, हे लक्षात ठेव.

पुढेमागे मला राग येईनासा होईल असं लोक म्हणतात. असेल. पण त्यानंतरही एक ते चार हीच वेळ राहील.

आपल्या आईची मुलगी,
ग्लेंडा प्रुइट